उरणच्या पाण्यावर घरी बांधलेला विद्युत फॉइलबोर्ड

पाण्यावर चालणाऱ्या होडीची बरीचशी ताकद पाणी बाजूला ढकलण्यात आणि लाटा उठवण्यात खर्ची पडते. उरणच्या मोऱ्याहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला निघालेली लाँच मागे जो फेसाळ पट्टा सोडते, तो डिझेल जाळूनच उठवलेला असतो. होडीचे पोट पाण्याबाहेर उचलले तर हा खर्च मोठ्या प्रमाणात वाचतो. हायड्रोफॉइल हेच काम करते. पाण्याखाली विमानासारखे पंख असतात, वेग आला की ते वर उचलतात आणि होडी पाणी सोडते.

याच तत्त्वावरचा एका माणसाचा बोर्ड म्हणजे ई-फॉइल. साधारण दीड मीटर लांबीचा बोर्ड, त्याखाली पाऊण मीटरचा दांडा, दांड्याच्या तळाशी पंख आणि मोटर, पोटात बॅटरी, हातात रिमोट. तयार ई-फॉइल परदेशात हजारो डॉलरच्या घरात जातो, आयातीचा खर्च वेगळा. म्हणून जगभर अनेक हौशी माणसे तो घरीच बांधतात. उरणमध्ये तो बांधायचा झाला तर काय विकत घ्यावे, काय इथे करून घ्यावे आणि कुठे चालवावा, ते या लेखात पाहू. माझे मत आधीच सांगतो: पंख, दांडा आणि मोटर विकत घ्या, बोर्ड आणि बॅटरीची पेटी इथे बांधा, आणि जितका विचार यंत्राचा कराल तितकाच पाण्याचा करा.

कल्पना जुनी, बॅटरी नवी

इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ साली माज्जोरे तलावावर शिडीसारखे पंख लावलेली होडी पाण्याबाहेर उचलून दाखवली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी केसी बाल्डविन यांच्या 'एचडी-४' या होडीने १९१९ साली कॅनडात ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला. म्हणजे पंखांचे गणित शंभर वर्षांपूर्वीच सुटले होते. सर्फबोर्डाखाली फॉइल लावून लाटांवर उभे राहणारे लेअर्ड हॅमिल्टन यांच्यासारखे सर्फर या शतकाच्या सुरुवातीला गाजले. अडले होते ते मोटर आणि बॅटरीच्या वजनावर. ड्रोन आणि ई-सायकलींमुळे हलक्या, ताकदवान ब्रशलेस मोटरी आणि लिथियम सेल स्वस्त झाले, आणि गेल्या दहाएक वर्षांत ई-फॉइल बाजारात आले.

हेच तंत्र प्रवासी बोटीतही आले आहे. स्वीडनच्या कँडेला कंपनीची 'पी-१२' ही ३० प्रवाशांची विद्युत फॉइल बोट २०२४ साली स्टॉकहोममध्ये सेवेत दाखल झाली. रोज लाँचने मुंबई गाठणाऱ्या उरणकराने तिच्याकडे लक्ष ठेवावे.

पंख किती मोठा हवा

चालवणारा ७५ किलोचा आणि सगळे सामान ३० किलोचे धरू. एकूण १०५ किलो पंखांनी उचलायचे आहेत. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर उचल चौपट. पुढच्या पंखाचे क्षेत्रफळ १५०० चौरस सेंटीमीटर असेल, तर समुद्राच्या पाण्यात हे वजन ताशी साधारण १५ किलोमीटरला उचलले जाते. पंख लहान घेतला तर वेग मिळतो, पण उठायलाच ताशी वीस-बावीसची गती लागते आणि शिकणाऱ्याची तिथेच दमछाक होते. पहिला पंख मोठाच घ्यावा.

उठल्यावर बोर्ड ताशी २५ ला धावू लागला की त्याच पंखाकडून उठतानाच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश उचल-गुणांक लागतो. कोन कमी केला नाही तर पंख वर येत राहतो, पृष्ठभाग फोडतो, हवा ओढून घेतो आणि उचल एकदम संपते. चालवणारा धाडकन पडतो. कोन कमी करण्याचे साधन म्हणजे पाय: वजन पुढच्या पायावर टाकायचे. मागचा छोटा पंख उलटा, खाली दाबणारा असतो. तो बोर्डाला डोलण्यापासून सावरतो. मोटरचा जोर शरीराच्या गुरुत्वमध्याच्या बराच खाली लागत असल्याने ताकद वाढवली की नाक वर उठते आणि सोडली की खाली येते. सुरुवातीची बहुतेक पडझड यातूनच होते.

पंख घरी कोरता येतो, लाकडावर कार्बन कापड चढवून करणारेही आहेत. पण पंखाच्या आकारात थोडीशी चूक झाली तरी बोर्ड एका बाजूला ओढतो, आणि घरी केलेला दांडा वळणात पिळवटतो. हे दोन्ही भाग तयार घ्यावेत.

बोर्ड: फायबरच्या कारागिराला गाठा

इथे मात्र उरणकराची बाजू भक्कम आहे. कोकण किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आता सर्रास दिसतात, आणि त्या दुरुस्त करणारा कारागीर करंजासारख्या मासेमारी बंदरावर चौकशी केली की भेटतो. कापड कसे बसवायचे, बुडबुडे रोलरने कसे काढायचे, कडा कशा घासायच्या, हे सगळे त्याच्या हातात असते. तुम्ही पुस्तक वाचून महिनाभर जे शिकाल, ते तो एका सकाळी दाखवील.

पण एका बाबतीत होडी आणि बोर्ड वेगळे पडतात. होडीचे काम पॉलिस्टर रेझिनमध्ये होते, आणि बोर्डाचा गाभा असतो थर्माकोलचा. पॉलिस्टर रेझिनमधले स्टायरिन थर्माकोल खाते. खात्री करायची तर थर्माकोलच्या तुकड्यावर त्या रेझिनचे चार थेंब टाका. पांढरा पृष्ठभाग आधी ओलसर चमकतो, मग दाणे एकमेकांत विरघळू लागतात आणि बघता बघता तिथे चिकट खळगा पडतो. तेच संपूर्ण बोर्डाचे होईल. म्हणून इथे इपॉक्सी रेझिनच हवे. ते महाग आहे, पण पर्याय नाही. आणखी एक: होडीला वापरतात ती तुटक धाग्यांची मॅट इपॉक्सीबरोबर नीट भिजत नाही, कारण तिचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिस्टरसाठी बनवलेला असतो. विणलेले ग्लास कापड घ्यावे.

उरणच्या हवेत इपॉक्सी लवकर तापते आणि भांड्यातच घट्ट होते. एका वेळी थोडेच कालवावे, पसरट भांड्यात ठेवावे आणि पहाटेचा गारवा साधावा. पावसाळ्यात हे काम काढूच नये, कारण दमट हवेत पृष्ठभागावर मेणचट थर येतो आणि पुढचा थर त्यावर धरत नाही.

नवशिक्यासाठी बोर्डाचे आकारमान शंभर लिटरच्या आसपास असावे, म्हणजे थांबल्यावर त्यावर गुडघे टेकून तरंगता येते. घनमीटरला २० किलो घनतेच्या थर्माकोलचा एवढा गाभा फक्त दोन किलोचा होतो. खरे वजन कापड, रेझिन आणि बॅटरीचे.

सगळ्यात जास्त ताण येतो तो दांडा जिथे बोर्डाला भेटतो तिथे. वळताना किंवा पडताना पाऊण मीटरचा दांडा कटावणीसारखा काम करतो. तिथे नुसत्या थर्माकोलवर बोल्ट कसले तर पहिल्याच दिवशी तळ उचकटेल. तळापासून वरच्या पृष्ठापर्यंत जाणारे घट्ट फोमचे ठोकळे बसवून, भोवती कापडाचे जादा थर देऊन, त्यात दोन समांतर रूळ बसवावेत. रुळांमधले अंतर ९० मिलिमीटर ठेवले तर बाजारातले बहुतेक दांडे त्यावर चार बोल्टांनी बसतात आणि पुढेमागे सरकवून तोलही साधता येतो.

मोटर, प्रोपेलर आणि कंट्रोलर

धावताना साधारण दीड ते दोन किलोवॅट आणि उठताना काही सेकंद चार किलोवॅटपर्यंत ताकद लागते. मोटर पाण्याखाली असल्याने तिचे गार होण्याचे काम समुद्रच करतो. प्रोपेलर निवडताना साधे गणित करावे: ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. प्रोपेलर मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात १४ सेंटीमीटर पुढे जायला हवे. पाण्यात थोडे घसरणे होतेच, ते धरून १७ सेंटीमीटर पिचचा प्रोपेलर जुळतो. प्रोपेलरभोवती कडे असलेच पाहिजे. उघड्या पात्याने पाय कापला जातो.

मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर बोर्डाच्या पेटीत बसतो. स्वीडनच्या बेंजामिन व्हेडर यांनी आपला 'व्हेस्क' कंट्रोलर सर्वांसाठी खुला केला आणि घरी बांधणाऱ्यांचे काम फार सोपे झाले. करंट किती, वेग किती, तापमान किती झाल्यावर थांबायचे, हे सगळे त्यात ठरवता येते. कंट्रोलर बंद पेटीत तापतो, म्हणून त्याची पाठ पाण्याला टेकलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला चिकटवावी. बॅटरी ते कंट्रोलर ही तार आखूड ठेवावी. लांबवायचीच तर मोटरकडची तार लांबवावी.

रिमोटची २.४ गिगाहर्ट्झची लहर खाऱ्या पाण्यात जवळजवळ लगेच मरते. याचा फायदा घ्यायचा: माणूस पडला, हात पाण्यात गेला, संदेश तुटला की मोटर त्याच क्षणी थांबली पाहिजे. ही व्यवस्था किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय पाण्यात उतरू नये. कार्बन कापडही रेडिओलहर अडवते, म्हणून अँटेना जिथे असेल तिथे वरून ग्लास कापडच असावे.

बॅटरी: इथे घाई नको

५ अँपिअर-तासांचे २१७०० आकाराचे सेल घेऊन एकामागे एक चौदा आणि समांतर आठ असे जोडले, तर ११२ सेल, सुमारे ५० व्होल्ट, ४० अँपिअर-तास, म्हणजे दोन युनिट वीज झाली. सेलचेच वजन आठ किलोच्या आसपास. उठण्याचा जादा खर्च आणि थोडा राखीव साठा धरून ही वीज पाऊण ते एक तास पुरते. उठताना ८० अँपिअर लागतात, म्हणजे प्रत्येक सेलवर १० अँपिअर. सेल तेवढा भार सोसणारा आहे का, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. बाजारात नकली सेल फार आहेत, म्हणून जोडण्याआधी प्रत्येक सेलची क्षमता मोजून घ्यावी.

सेलला थेट डाग देऊ नये, उष्णतेने आतला थर बिघडतो. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनेच जोडाव्यात. बीएमएस (सेलांवर देखरेख ठेवणारे सर्किट), योग्य फ्यूज आणि ठिणगीरोधक जोड यांपैकी एकही वगळू नये. ई-स्कूटरच्या बॅटऱ्या जोडणारे आता नवी मुंबईच्या पट्ट्यात भेटतात. हे काम हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. २०२२ साली देशात ई-स्कूटरना लागोपाठ आगी लागल्या, त्यानंतर बॅटरीसाठीचे 'एआयएस-१५६' हे मानक कडक करण्यात आले. तुमचा बोर्ड त्या मानकात येत नाही, पण त्या आगींचा धडा तुम्हालाही तेवढाच लागू आहे.

पहिल्या बोर्डासाठी मी लिथियम आयर्न फॉस्फेट सेल सुचवीन. तेवढ्याच विजेला वजन जवळपास दुप्पट होते, उठायला थोडा जोर जास्त लागतो, पण हे सेल सहजी पेट घेत नाहीत. बोर्ड घरात, मुलाबाळांच्या आसपास राहणार आहे, हे विसरू नये. चार्जिंग उघड्यावर, फरशीवर आणि जागेपणी करावे. आत खारे पाणी गेलेली बॅटरी धुऊन, वाळवून पुन्हा चार्ज करण्याचा मोह टाळावा. ती घरापासून दूर, मोकळ्या जागी ठेवून तज्ज्ञाच्या हवाली करावी.

पाणी आत येते ते असे

पेटी बंद करून, रबराची दोरी खाचेत बसवून, बोल्ट कसले की पाणी येणार नाही असे वाटते. पण बोर्ड दुपारच्या वाळूवर तापतो, आतली हवा पसरते. मग तो एकदम पाण्यात टाकला की हवा आकसते आणि पेटी पाणी ओढू लागते. कणभर वाळू किंवा एक केस खाचेत अडकला असेल तर तेवढी फट पुरते. म्हणून बोर्ड सावलीत ठेवावा, रबरावर दर वेळी सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे, आणि पेटीला हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी झडप लावावी.

तपासणीची पद्धत सोपी आहे. पेटीला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा, हातपंपाने हलकी हवा भरा आणि कडेने साबणाचे पाणी फिरवा. जिथे बुडबुडा फुगतो तिथे फट. मग आत कोरडा टिश्यू कागद ठेवून पेटी रात्रभर पिंपात दाबून ठेवा. बॅटरी आत जाण्याआधी हे सगळे झालेले असावे. तारांकडेही लक्ष हवे: तारेच्या आवरणाखालून, तांब्याच्या बारीक तंतूंमधून पाणी केशाकर्षणाने वर चढते. मोटरकडून येणाऱ्या तारेचा एखादा इंच सोलून तो भाग इपॉक्सीत गच्च केला की ही वाट बंद होते.

खारे पाणी आणि धातू

ॲल्युमिनियमचा दांडा, कार्बनचा पंख आणि स्टेनलेसचे बोल्ट खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते. मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत, बोल्टांना गंजरोधक लेप लावावा, आणि जस्ताचा छोटा तुकडा दांड्यावर बसवावा. मोठ्या बोटींच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात ते याचसाठी. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवावे, बोल्ट सैल करून ठेवावेत.

उरणचे पाणी

फॉइलला किमान दीड मीटर खोली लागते, आणि उरणच्या किनाऱ्यावर तीच अडचण आहे. मुंबई बंदर परिसरात उधाणाला भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. मोरा बंदरात गाळ इतका साचतो की ओहोटीला लाँचही अडतात. जिथे लाँच अडते तिथे फॉइल रुतणार, आणि धावत्या वेगात दांडा गाळात किंवा खडकात रुतला तर माणूस पुढे फेकला जातो.

म्हणून वेळ भरतीची धरावी. कोकणातला जुना हिशेब आजही कामाला येतो: तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाण्याची ओढ कमी असते, तो काळ शिकायला बरा. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण टाळावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या सकाळी पाणी शांत असते, दुपारनंतर वारा उठतो. पावसाळ्यात उतरायचेच नाही.

जागेचा प्रश्न याहून अवघड आहे. एका बाजूला जेएनपीए बंदराच्या जहाजांचा मार्ग, दुसरीकडे गेट वे-घारापुरी आणि मोरा-भाऊचा धक्का या मार्गांवरच्या बोटी, करंजा-रेवस लाँच, आणि करंजाजवळचे नौदलाचे क्षेत्र. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि डझनाहून अधिक माणसांचा जीव गेला. नव्या यंत्राची चाचणी वाहत्या जलमार्गात करू नये, हे उरणच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पहिली चाचणी एखाद्या खासगी, पुरेशा खोल तळ्यात, मालकाच्या परवानगीने करावी. रानसई धरणाचे पाणी पिण्याचे आहे, तिथे अजिबात नाही. त्यानंतर सरावासाठी, माझ्या मते, उरणपेक्षा अलिबागची मोकळी किनारपट्टी, उदाहरणार्थ नागाव, बरी. नागाव म्हणजे इथे अलिबागचे नागाव, उरणचे नव्हे. तिथे जलक्रीडा चालतात, त्यामुळे लोकांना आणि यंत्रणेला अशा साधनाची सवय आहे. उरणच्या पीरवाडी किनाऱ्यावर खडक आहेत आणि सुटीच्या दिवशी पोहणाऱ्यांची गर्दी असते. तिथे फॉइल आणू नये.

विचारून उतरा

या किनाऱ्यावर सुरक्षा यंत्रणा कायम सावध असते, आणि त्याला कारण आहे. २६/११ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी काळ्या वेशातली सशस्त्र माणसे पाहिल्याचे सांगितले आणि नौदलापासून पोलिसांपर्यंत सर्वांनी परिसर पिंजून काढला. काळा पोशाख घातलेला एक माणूस होडीशिवाय, आवाजाशिवाय पाण्यावरून सरकत येतो आहे, हे दृश्य लांबून कसे दिसेल याचा विचार करा. महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या स्थानिक बंदर कार्यालयात आणि मोरा सागरी पोलीस ठाण्यात आधी जाऊन बोर्ड दाखवावा, कुठे चालेल आणि कुठे नाही ते विचारावे. पैसे घेऊन दुसऱ्यांना फिरवायचे असेल तर रीतसर परवाना लागतो.

हेल्मेट, जाड जॅकेट, भडक रंगाचा बोर्ड, किनाऱ्यावर किंवा होडीत एक माणूस, एवढे तर हवेच. आणि परवानगी मिळाली तरी एक चौकशी उरतेच. डोल जाळी कुठे ताणली आहे, खुंट कुठे ठोकले आहेत, हे कोणत्याही नकाशात सापडत नाही. जाळ्यात फॉइल अडकले तर तुमचा बोर्ड मोडेल आणि एखाद्या कोळी कुटुंबाचे जाळे फाटेल. पाण्यात उतरण्याआधी बंदरावर जाऊन तिथल्या तांडेलाला विचारा, आणि तो जिथे नको म्हणेल तिथे जाऊ नका.